कागदातली संत्री आणि डब्यातली संत्री

आमचे अण्णा गिरगावातली संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा चुकवत नसत. विदर्भ महाराष्ट्रात आलाच पाहिजे म्हणून ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा, मग आत्या त्यांना हळद घातलेलं दूध द्यायची. आणि वीरेंद्रने नागपूरहून मला मागणी घातली तेव्हा हेच अण्णा म्हणाले, नागपूर फार लांब आहे. माझा नुसता तिळपापड झाला. विदर्भ हवा आणि विदर्भातला जावई नको?

वीरेंद्र मुंबईला कॉलेजात होता तेव्हापासून आमचं गुळपीठ. आता तो घरच्या संत्र्यांच्या वखारीत बसायचा. अण्णांचं म्हणणं, तिकडची संत्रीसुद्धा इथे पोचेपर्यंत नासतात, मग इथली पोर तिकडे कशी टिकायची? मी जेवण सोडलं, तेव्हा त्यांनी एक अट घातली. एक मे रोजी राज्य होणार हे नक्की झालं होतं. वीरेंद्रने महिनाभर आधी संत्री पाठवावीत आणि त्या दिवशी त्यातलं एक जरी खाण्याजोगं राहिलं, तर मुलगी दिली. अण्णांना वाटलं, सुटलो.

एप्रिल लागताच करंडी आली. खाली-वर पेंढा, आणि एकेक संत्रं पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदात गुंडाळलेलं. कागद काढू नका, पाणी लावू नका, हवा लागू द्या, असं वीरेंद्रने बजावून कळवलं होतं. पण आमच्या राधाआत्याच्या राज्यात रेल्वेने आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. एकदा तिने पाहुण्याची छत्रीसुद्धा धुतली होती, बाहेर कडक ऊन असताना. मी धावत येईपर्यंत अर्धी संत्री मोरीत आंघोळ करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली होती, ओलीच, वर घट्ट झाकण. उरलेल्या करंडीवर मी चक्क फतकल मारून बसले.

झालं, चाळीत दोन पक्ष पडले. आत्याच्या डब्यात मुंगीसुद्धा शिरणार नाही म्हणून म्हाताऱ्या तिच्या बाजूच्या, आणि लग्नाचे लाडू हवेत म्हणून बाकी सगळे माझ्या. मी करंडी गॅलरीच्या सावलीत ठेवली. रोज एकेक संत्रं चाचपायचं, मऊ पडलेलं काढून टाकायचं, म्हणजे शेजारच्याला त्याची बाधा नको. करंडी हलकी होत चालली आणि माझा जीव वरखाली. अण्णाही येता-जाता कागद उचलून बघत आणि मी दिसले की उगाच खाकरत.

एक मेला सकाळी गिरगावात पताकाच पताका, ताशे वाजताहेत, आणि आमच्या गॅलरीत ही गर्दी. आत्याने ऐटीत झाकण उघडलं. आतून हिरवी भुकटी उडाली आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम शिंकू लागल्या. आत्या म्हणाली, नागपूरचं पाणीच वाईट.

माझ्या करंडीत मोजकीच उरली होती. अण्णांनी एकाचा कागद सोडला.

"याला ताजं म्हणायचं? सुरकुत्या पडल्यात."

"तुम्हालाही पडल्यात, अण्णा. आत बघा."

सगळी गॅलरी हसली. अण्णांनी साल सोलली, फोड तोंडात टाकली, आणि रस हनुवटीवरून थेट सदऱ्यावर. गोड आहे का, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळ्यांना उपरणं लावलं. डोळ्यात रस उडाला म्हणाले. मी टाळ्या पिटत होते, नाचत होते, शेजारच्या कमळाबाईंना धरून गिरक्या घेत होते.

अण्णांनी ते संत्रं कुणाला एक फोडही न देता संपवलं. मग म्हणाले, "कळव वीरेंद्रला. ये म्हणावं न्यायला."

आत्याने साली उचलल्या, अण्णांचे हात धुवायला तांब्या आणला, लोक खाली मिरवणूक बघायला गेले. अण्णांचं डोळे पुसणं काही थांबेना. मी नाचायची थांबले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.