सरदारांचं कापडाचं दुकान

सरदार खरं तर तिसऱ्या भागातच मरायचे होते. पुलावर नायकाशी तलवारबाजी, दोन टोमणे, एक घाव आणि धपकन नदीत. खलनायकही ते पहिल्या रांगेतले नव्हेत. मोठा खलनायक वेगळा. त्याला काळा घोडा होता, पाळलेला ससाणा होता, तो आला की वाजणारं स्वतःचं संगीत होतं. सरदारांच्या वाट्याला एक मखमली टोपी, गरिबांच्या मेंढ्या पळवल्याचं पाप आणि कायम आंबट चेहरा. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना आंबटराव म्हणत.

ऑफिस होतं व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचं. लांबलचक खोली, टेबलांना टेबलं चिकटवलेली, खिडक्यांवर काळे पडदे, आणि चहाच्या कपांची जागा माऊसने बळकावलेली. गेममधलं शहर पाचशे वर्षांपूर्वीचं: चित्रकार, सावकार, घुमट, विषाच्या कुप्या. सगळं झकास जमलं होतं, पण माणूस नदीत पडला की पाणी काही केल्या उडेना. माणूस बुडायचा आणि पाणी आपलं ढिम्म. शेवटी गेमच्या मुख्याने, ज्याला सगळे कप्तान म्हणत, तोडगा काढला. आंबटरावांनी मरायचंच नाही. त्यांची जहागीर जप्त होईल आणि शेवटच्या भागात ते बाजारात कापड विकत बसतील. दुकान तयार, माणूस तयार. फक्त त्याच्या तोंडी शब्द नव्हते.

ते काम संवादवालीकडे आलं. ती बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तोवर राजे, हेर, मोठा खलनायक असे सगळे वाटून झाले होते. उशिरा जेवायला बसणाऱ्याला पातेल्याची खरवड, तसे तिला आंबटराव मिळाले. तिने कुरकुर केली नाही. रजेआधी तीच पानंच्या पानं लिहायची. आता एक माणूस तर एक माणूस.

पहिल्यांदा तिने त्यांना अदबशीर दुकानदार केलं. यावं, बसावं, काय दाखवू, वगैरे. मग गेम यम्याकडे गेला. गेम खेळून त्यातल्या चुका काढणं हे यम्याचं काम, आणि ज्याला मारता येतं त्याला मारून पाहणं ही त्याची पद्धत. नाव त्यावरूनच पडलेलं. आंबटराव वाकून “यावं” म्हणाले आणि यम्याने तलवार उपसली. बाकीच्या तपासनिसांनीही तेच केलं. यम्याच्या मनात आकस नव्हता. एवढा माजोरडा माणूस गोड बोलायला लागला की हात शिवशिवतो, एवढंच त्याचं म्हणणं.

मग तिने त्यांना मेंढ्यांबद्दल माफी मागायला लावली. ते आणखी लवकर मेले. मग घरी म्हातारी आई दिली. एकजण आंबटरावांना मारून म्हातारीला शोधत शहरभर फिरला.

दुकानात तलवार चालणारच नाही असं करून टाका, असं कुणीतरी सुचवलं, पण कप्तान ऐकेना. आपल्या गेममध्ये हात मोकळा असेल तर माणूस काहीही करू शकतो, हा त्याचा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट. त्याने तिला टेबलाशी बोलावून घेतलं.

“शुक्रवारी आंबटराव पुन्हा मेले तर दुकान काढून टाकू,” तो म्हणाला. “मग तू बटणांवरचा मजकूर घे. उघडा, बंद करा, पुढे जा. घरी लहान मूल आहे, तुला सोयीचं पडेल.”

तो हे मायेने म्हणाला, तेच तिला लागलं. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. एकदा ‘उघडा, बंद करा’ला बसली की पुन्हा कुणी माणूस लिहायला देणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

गुरुवारी तिने घरून काम घेतलं. स्वयंपाकाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी उपड्या घातलेल्या दुधाच्या बाटल्या, आणि मांडीवर लेक, नाक वाहणारी आणि भयंकर चिडलेली. नाक पुसायला गेलं की ती चष्मा ओढी. चष्मा सोडवला की केस. पायमोजा चढवताना आईच्या गालावर एक सणसणीत बसली. पलीकडे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत सासूबाई हे सगळं शांतपणे पाहत होत्या.

“तिचे हात रिकामे का ठेवतेस?” त्या म्हणाल्या. “एकात चमचा दे, एकात वाटी दे. मग हवं ते कर.”

तिने दिलं. लेकीने चमच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे पाहिलं, न्यायाधीशासारखी गंभीर झाली, आणि तिचा निकाल लागेपर्यंत नाक पुसून झालं, एक पायमोजाही चढला. दुसरा हातात घेऊन आई तशीच बसून राहिली.

“आता काय झालं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. जरा हिला घेता?”

तिने प्रोग्रामरला फोन लावला. कापडाचं टोक गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांत देता येईल का? त्याने विचार केला. दोर ओढायची हालचाल तयार होती, तीच वापरता येईल म्हणाला. मग तिने आंबटरावांचं यावं-बसावं, माफी, म्हातारी आई, सगळं पुसून टाकलं. या माणसाने जन्मात कुणाला विनंती केली नव्हती. त्यांचा घोडा कुणीतरी धरायचा, झगा कुणीतरी धरायचा. दुकानदारी त्यांना कुठून येणार? समोर माणूस दिसला की त्याला कामाला लावायचं, एवढंच त्यांना येत होतं. लेकीने वाटी जमिनीवर आपटेपर्यंत तिचं लिहून झालं होतं.

शुक्रवारी यम्या खेळायला बसला. कप्तान चहा घेऊन त्याच्या मागे उभा, आणि ती दाराशी, पर्स खांद्यालाच.

यम्या दुकानात शिरला. आंबटराव उठले नाहीत, वाकले तर नाहीतच. त्यांनी तागा उचलला आणि कापडाचं टोक त्याच्या हातांत कोंबलं.

“धर हे. सरळ धर.”

यम्याने तलवारीचं बटण दाबलं. काही होईना. पुन्हा दाबलं. हात गुंतलेले होते. तेवढ्यात आंबटराव तागा उलगडत मागे मागे दुकानाच्या टोकापर्यंत गेले.

“मेंढ्या मी पळवल्या, खरं आहे,” ते तिथून म्हणाले. “पण लोकर बघ.”

यम्या नाकातून हसला.

“टाक की खाली,” कप्तान म्हणाला. “टाकायला बटण आहे.”

“मळेल ना,” यम्या म्हणाला. आंबटरावांनी मोजलं, कापलं, घडी घातली, घडी त्याच्या पिशवीत सरकवली. यम्याचे हात मोकळे झाले. अंगठा तलवारीच्या बटणावर होता. आंबटराव पाठ फिरवून पुढचा तागा काढत होते, गिऱ्हाईक अजून तिथेच आहे याची त्यांना फिकीर नव्हती.

कप्तानने चहाचा घोट घेतला नाही.

यम्या खुर्चीतच वळला आणि दाराकडे पाहून म्हणाला, “गर्द निळ्यात आहे का?”

निळं नव्हतंच. एकच रंग केला होता.

“सोमवारपर्यंत येईल,” ती म्हणाली, आणि पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली.