पोटबाबाचा काळा रुमाल

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पोटं धरून आत बसलेली, अक्कल बाहेर चपलांपाशी ठेवलेली.

"कॅन्सर कशानं होतो? पोटातल्या जंतूंनी!" पोटबाबा गरजला. "जंतू मारा, कॅन्सर मेला!" म्हणजे डॉक्टर उगाच दहा-दहा वर्षं पुस्तकांवर डोळे फोडतात!

लॉन्ड्रीवाल्याची कॅन्सर झालेली बायको पुढं झाली. बाबानं तिच्या पोटावर पांढरा रुमाल दाबला, वर तांबूस पाणी शिंपडलं. रुमाल काळानिळा!

"बघ, विष!"

मग मागच्या आठवड्यात पुड्या नेलेल्या बाईचा रुमाल. तो नुसता पिवळट. "धुऊन निघाली!" टाळ्या.

आयुष्यभर डाग काढणाऱ्या लॉन्ड्रीवाल्याला पोट धुवायची गोष्ट लगेच पटली. पांढऱ्या भुकटीच्या सात पुड्या त्यानं स्वतःच्या हातानं बायकोला द्यायला घेतल्या. तीन दिवसांत ती जुलाबांनी आडवी झाली.

तिच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या पुड्या तपासून घेतल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो, ही कुटलेली अँटिबायोटिकं आहेत! माझं इंजेक्शन शरीरातल्या, रोगाशी लढणाऱ्या शिपायांना कॅन्सरवर सोडतं. पोटातले चांगले जंतू त्या शिपायांना तयारीत ठेवतात, असं दिसून आलंय. तुम्ही चांगले-वाईट सरसकट मारलेत. आता इंजेक्शन कमी लागू पडू शकतं."

"मी तर स्वच्छ करत होतो हो…"

"पोट म्हणजे चादर आहे का?"

घरी येऊन त्यानं बाबानं पुड्यांसोबत दिलेला तो काळा रुमाल हातात घेतला. बोटांना लगेच कळलं. कडक! याला खळ घातलीय, आपण शर्टांना घालतो तीच.

दुसऱ्या दिवशी भर हॉलमध्ये त्यानं बाबाची तांबूस पाण्याची बाटली उचलली आणि स्वतःच्या कडक कॉलरवर ओतली. कॉलर काळीनिळी!

"बाबा, माझ्या शर्टालाही कॅन्सर झाला! देता का पुडी?"

हॉल खदखदला.

"हे जखमेवर लावायचं आयोडीन. खळीवर पडलं की काळं होतं. आजाऱ्याला खळीचा रुमाल, बऱ्या झालेल्याला बिनखळीचा. झाला चमत्कार!"

बाबा मागच्या दारानं पसार. पोट सुटलेलं असूनही चांगला पळाला.

जुलाब थांबल्यावर बायकोचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. लागू पडेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी तपासू, तेव्हाच सांगेन." बाबानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

"अहो, तोंड का उतरलंय?" बायको म्हणाली. "खळ घाला त्याला."

तो हसला, डोळे पुसले आणि दुकानावर पाटी लावली: 'इथं फक्त कपडे धुतले जातात. पोटात काय घालायचं, ते डॉक्टरला विचारा.'