सैल हात

गिरीश दांडेकरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला अलकाने त्याला गोल्फ क्लब्जचा नवा सेट द्यायचं ठरवलं. दुकानातून उचलून आणलेला नाही, मापं घेऊन खास त्याच्यासाठी बनवलेला. कल्पना शशिधरची. शशिधर त्याच्याच हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, कार्डिफला आल्यापासूनचा दोस्त. गिरीशला गोल्फची गोडी त्यानेच लावली होती.

"अजून त्या सेकंडहँड काठ्यांनी खेळतोस," शशिधर म्हणाला. "कन्सल्टंट सर्जन आहेस, शोभतं का? शनिवारी जायचं. मी गोल्फ कोर्सवरच्या एमलिनची अपॉइंटमेंट घेतली आहे."

गिरीशला नाही म्हणायला कारण सापडेना. खरं कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

डिसेंबरात, ख्रिसमसच्या आधी, आउटपेशंट क्लिनिकमध्ये एका पेशंटचं ऐकत असताना त्याचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं होतं. हात मांडीवर होता. अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, जसं काही चिमटीत पिठाची गोळी वळतोय. त्याने मूठ मिटली. अंगठा थांबला. मूठ उघडली, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

असा अंगठा त्याने पाहिलेला होता. नाशिकला त्याचे वडील ओसरीवर आरामखुर्चीत बसत तेव्हा त्यांचा अंगठा असाच चाले. शेजारच्या बायकांना वाटायचं, आप्पा जप करतात.

गिरीश कानाचा सर्जन होता. कानात आत, पडद्यापलीकडे, तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं. ते जखडलं की माणूस बहिरा होत जातो. मायक्रोस्कोपखाली ते काढून त्याजागी कृत्रिम तुकडा बसवायचा, हे त्याचं खास काम. तिथे हात केसभर चुकला तर उरलंसुरलं ऐकू येणंही कायमचं जातं.

हातात काही धरलं की कंप थांबतो, हे त्याने पहिल्याच आठवड्यात तपासून पाहिलं होतं. पेन धरलं, थांबला. चिमटा धरला, थांबला. त्या एका गोष्टीवर तो जानेवारीभर तगून होता. तरी कानाची ऑपरेशन्स तो काही ना काही निमित्ताने पुढे ढकलत होता. सर्दी झाली, कॉन्फरन्स आहे, बेड नाही. आता पुढे ढकलायला जागा उरली नव्हती. सोमवारी मिसेस प्रिचर्डचं ऑपरेशन होतं. बाई कौन्सिलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर कामाला होती, दोन्ही कान जात चालले होते, नोकरीही जाणार अशी चिन्हं होती. तिची तारीख त्याने एकदा बदलली होती. दुसऱ्यांदा बदलायची कशी?

शनिवारी सकाळी शशिधरच्या गाडीतून तिघे निघाले. अलका मागे बसून आनंदात बोलत होती. गिरीशने उजवा हात कोटाच्या खिशात ठेवला आणि मुठीत किल्ल्या घट्ट धरल्या.

गोल्फ कोर्सवरच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. एका टोकाला जाळं टांगलेलं, जमिनीवर हिरवी चटई, भिंतीला टेकवून ठेवलेले असंख्य क्लब्ज. एमलिन तिथला प्रोफेशनल, म्हणजे खेळ शिकवणारा, साठीकडे झुकलेला, गळ्यात शिंप्यासारखा टेप.

"मिस्टर दांडेकर, कोट काढा," तो म्हणाला. "बूट राहू देत. ताठ उभे राहा, आणि दोन्ही हात खाली सोडा. अगदी सैल. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं आहे. क्लबची लांबी त्यावर ठरते."

सैल. गिरीशने मनातल्या मनात तो शब्द फिरवला. किल्ल्या कोटात राहिल्या होत्या. एमलिन गुडघ्यावर बसला आणि त्याने टेपचं टोक गिरीशच्या उजव्या मनगटाला लावलं. त्याचे डोळे गिरीशच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर होते.

गिरीशने बोटं ताठ धरली.

"नाही, नाही. खांदा वर जातोय तुमचा. सोडा. मी काही इंजेक्शन देत नाहीये!"

शशिधर हसला. अलका तिकडे हातमोजे बघत होती. गिरीशने श्वास सोडला, त्याबरोबर खांदा खाली आला, आणि हात लोंबत राहिला. एक, दोन क्षण काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. मग थांबेचना. गिरीशला तो न बघताही दिसत होता. एमलिन आता वर बघेल, विचारेल. शशिधर पुढे येईल.

एमलिनने टेपवरचा आकडा वाचला आणि उठता उठता गिरीशच्या हाताकडे पाहिलं.

"गारठलात तुम्ही," तो म्हणाला. "ही खोली म्हणजे नुसतं शीतगृह आहे. थांबा." आणि त्याने कोपऱ्यातला हीटर पायाने ढकलत जवळ आणून लावला.

"थँक यू," गिरीश म्हणाला.

पुढचं माप पंजाचं. भिंतीवरच्या तक्त्यावर हात पसरून ठेवायचा होता. गिरीशने तो इतका दाबून ठेवला की नखं पांढरी पडली. मग एमलिनने सात नंबरच्या आयर्नच्या, म्हणजे लोखंडी क्लबच्या तोंडावर आणि तळाला चिकटपट्टी लावून दिली. "मारा. चेंडू कुठे लागतो, क्लब जमिनीला कुठे टेकतो, ते पट्टीवर उमटतं. मग कोन कमी-जास्त करता येतो."

काठी हातात आल्यावर गिरीशला बरं वाटलं. धरलं की थांबतो. त्याने मारला. जाळ्याने चेंडू धपकन झेलला. पुन्हा मारला. एमलिनने क्लब उलटा करून पाहिला. पट्टीवरचे ठसे विखुरलेले होते, एक टोकाला, एक दांड्याजवळ, एक अगदी वरच्या कडेवर.

"हं," एमलिन म्हणाला. "उजवा हात उशिरा येतोय. आणि धरता किती घट्ट! क्लब पळून जाणार आहे का? चिमणी धरल्यासारखं धरा."

"मला घट्ट धरायचीच सवय आहे."

"पूर्वी नव्हती," शशिधर मागून म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात बरा मारत होतास."

गिरीश वळला नाही. शशिधर ऑपरेशन टेबलाच्या उशाशी रोज त्याच्यासमोर बसे. ज्याने ओळखायला हवं असा जगात कोणी असेल तर तो हाच. आता बोलेल. बोल, असंही त्याला क्षणभर वाटलं.

"ऑफिसच्या खुर्चीत बसून बसून अकडला आहेस," शशिधर म्हणाला. "योगासनं कर."

एमलिन आत जाऊन दुसरा क्लब घेऊन आला. दांडा जरा लवचिक, पकड जरा जाड. "पन्नाशीनंतर पुष्कळांना हे लागतं. बोटांत संधिवात असणारेही हेच वापरतात. आता मारा."

गिरीशने मारला, आणि चेंडू सरळ गेला. आवाजावरूनच कळलं, नीट लागला. दुसरा, तिसराही. एमलिनने पट्टी दाखवली. ठसे मधोमध, एकावर एक.

"बघा! दोष तुमच्यात नव्हता, मिस्टर दांडेकर. काठीत होता!"

अलकाने टाळ्या वाजवल्या. शशिधरने पाठीवर थाप मारली. गिरीशही हसला, आणि हसता हसताच त्याला अशी भीती वाटली की हीटरजवळ उभं असूनही अंगावर काटा आला. कुणालाच काही दिसलं नव्हतं. डोळ्यांसमोर अंगठा हलला, तर हीटर आला. हात मंदावला, तर जाड पकड आली. सोमवारीही असंच होईल. नर्स हातमोजे चढवेल, शशिधर भूल देईल, मायक्रोस्कोप खाली येईल, आणि त्याला कोणीही थांबवणार नाही.

अलका एमलिनबरोबर पकडीचा रंग ठरवायला दुकानात थांबली. दोघे मित्र गाडीत येऊन बसले. शशिधरने किल्ली लावायला हात पुढे केला.

"थांब," गिरीश म्हणाला. "गाडी चालू करू नकोस. सोमवारची प्रिचर्डची केस मी करणार नाही."

"पुन्हा? अरे, ती बाई तक्रार करेल. झालं काय?"

"माझा हात हलतो, शशी."

"थंडीने हलत होता. एमलिन म्हणाला ना."

"तू पाहिलास?"

शशिधरने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "एकदा थिएटरमध्ये वाटलं होतं. तू हात धुऊन उभा होतास. म्हटलं, कॉफी जास्त झाली असेल."

गिरीशने उजवा हात डॅशबोर्डवर ठेवला, तळवा वर, बोटं उघडी. बंद गाडीत दोघे त्या हाताकडे बघत राहिले. अंगठा निवांत फिरू लागला. आता लपवायचं नव्हतं म्हणून की काय, तो अधिकच मोकळा चालला.

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या आधीपासून."

"त्यानंतर कुणाच्या कानात..."

"नाही. टॉन्सिल्स केले, नाकाची हाडं केली. कान नाही. शप्पथ."

"शपथ कसली घेतोस, गाढवा!" शशिधर ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "मला सांगायचं नाही? मी कोण आहे रे तुझा?"

मागचं दार उघडून अलका आत बसली. "बरगंडी रंग ठरवला," ती म्हणाली, आणि मग दोघांच्या मानांकडे बघून थबकली. "काय झालं?"

हात मागे घ्यावा असं गिरीशला तीव्रतेने वाटलं. त्याने तो तिथेच राहू दिला. अलका दोन सीट्सच्या मधून पुढे वाकली.

"तू पेपर वाचतोस तेव्हा पेपर वाजतो," ती म्हणाली. "मला वाटायचं खिडकीतून वारा येतोय. मी फटीला टेपसुद्धा लावली." आणि तिने पुढे हात घालून त्याचा पंजा आपल्या हातात धरला. धरल्यावर तो थांबला. तिने तो सोडला नाही.

रविवारी गिरीशने त्याचा सहकारी सर्जन हॉपकिन याला फोन केला. हॉपकिनने फार विचारलं नाही. केस मी करतो म्हणाला, आणि न्यूरॉलॉजीतल्या एकाचं नाव सुचवलं. एवढ्यावर भागलं असतं. पेशंटला वॉर्डातली सिस्टर सांगू शकली असती की सर्जन बदललाय. पण बाईने संमतीपत्रावर त्याचं नाव वाचून सही केली होती. सोमवारी सकाळी गिरीश स्वतः वॉर्डात गेला.

मिसेस प्रिचर्ड ऑपरेशनचा गाऊन घालून बसली होती. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं होतं. गिरीश खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज मी ऑपरेशन करणार नाही."

"काय?"

"मी करणार नाही. मिस्टर हॉपकिन करतील."

"मिस्टर दांडेकर, मला काही ऐकू येत नाहीये. म्हणून तर मी इथे आहे."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी हसली. सिस्टर पलीकडूनच ट्रॉली ढकलत चालली होती, दोन विद्यार्थी तिच्याजवळ. गिरीशने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "माझा हात थरथरतो. मी तुमच्या कानाला हात लावणं बरोबर नाही."

ट्रॉली थांबली. मिसेस प्रिचर्ड त्याच्या हाताकडे बघत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"डिसेंबरपासून."

"आणि हे तुम्ही मला आज सांगता? गाऊन घातल्यावर?"

"हो," तो ओरडून म्हणाला. "माझी चूक झाली."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. गिरीशला उठावंसं वाटत होतं, पण उठणं पळून जाण्यासारखं झालं असतं. तो बसून राहिला.

"तो दुसरा," ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "चांगला आहे का?"

"उत्तम आहे. माझ्या बायकोचा कान असता तरी मी त्याच्याकडेच दिला असता."

त्याने हे दोनदा सांगितलं, तेव्हा तिला कळलं. मग तिने मान हलवली आणि सिस्टरला हाक मारून नवा फॉर्म मागितला. पोर्टर तिला घेऊन जायला आला, तेव्हा गिरीश चाकांच्या खुर्चीशेजारून लिफ्टपर्यंत चालत गेला. ती त्याच्याशी बोलली नाही. दार बंद होताना मात्र तिने हात जरासा वर केला.

ऑपरेशन नीट झालं. मार्चमध्ये न्यूरॉलॉजिस्टने गिरीशला जे सांगितलं, ते त्याला आधीच माहीत होतं. गोळ्या सुरू झाल्या. त्याने थिएटर सोडलं, क्लिनिक ठेवलं, आणि आठवड्यातून एक दिवस तो तरुण डॉक्टरांना लॅबमध्ये कानाची हाडं शिकवू लागला. पहिले काही आठवडे त्याला घरी कुणी हाताबद्दल विचारलेलं चालत नसे. अलकाने विचारणं सोडलं नाही.

एप्रिलच्या शेवटी एमलिनचा फोन आला, सेट तयार आहे म्हणून. गिरीश एकटाच गाडी घेऊन गेला. दुकानात शिरताच तो म्हणाला, "एमलिन, त्या दिवशी मी गारठलो नव्हतो. मला पार्किन्सन्स आहे."

एमलिनने टोपी काढली, पुन्हा घातली. "अरेरे," तो म्हणाला. सेटमधला एक क्लब हातात घेऊन म्हणाला, "मग पकड अजून जरा जाड करू या का?"

"करू या," गिरीश म्हणाला, आणि त्याने हात टेबलावर ठेवला.