बार्नबीची ताटली

आईने काळजाचे आणि गुर्द्यांचे तुकडे ताटलीत मांडले, वर चरबीची जाळी पसरली आणि ताटली एडाच्या हातात दिली.

“टास्करबाईंना नेऊन दे. ताटली धुवू नका म्हणावं. धुतली तर आपलं मांस मिठात टिकायचं नाही.”

“माहीत आहे.”

डुक्कर कापलं की शेजारी वाटा जायचा आणि ताटल्या खरकट्याच परत यायच्या. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अंगणात बाबा सुऱ्या पुसत होते.

“काय गं, शेवटी बोललाच की तुझा बार्नबी! साऱ्या गावाने ऐकलं.”

ते हसले. एडा हसली नाही. टास्करबाईंनी दिलेल्या पुस्तकात बार्नबी नावाचं डुक्कर बोलायचं, म्हणून मालक त्याला जीवदान देतो. एडाने घरच्या डुकरालाही तेच नाव ठेवलं. तेव्हा बाबा म्हणाले होते, “नाताळच्या आत त्याने स्वतःचं नाव सांगितलं, तर सोडलं त्याला.” नऊ वर्षांच्या पोरीला ते खरं वाटलं. दोन महिने ती रोज थंडीत कुडकुडत त्याच्यापुढे बसून ‘बार्नबी, बार्नबी’ म्हणत राहिली. बापाची पोटभर करमणूक झाली.

टास्करबाई एकट्याच राहायच्या. ताटली बघताच त्यांनी तवा चढवला.

“आमच्या बार्नबीचं काळीज! किती कोवळं गं! तू घेतेस एक तुकडा?”

“पुस्तकातला वाचला होता,” एडा म्हणाली.

“अगं वेडे, पुस्तकातली डुकरं वाचतात. बाकीची आपण खातो.”

त्यांनी तिथेच बसून मिटक्या मारत खाल्लं आणि रक्ताने माखलेली ताटली तिच्या हातात ठेवली.

“पाणी लावलेलं नाही हो. आईला सांग.”

वाटेत नळ होता. पाणी बर्फासारखं गार होतं. एडाने बोटं बधिर होईपर्यंत ताटली घासली आणि फ्रॉकला कोरडी पुसली.

घरी आईने ती स्वच्छ ताटली हातात घेतली आणि वळून पाहिलं. मागे फळीवर बार्नबीच्या दोन्ही मांड्या मिठात घातलेल्या होत्या. वर्षभराचं खाणं होतं ते.

“अहो, ताटली धुतलेली आहे. टास्करबाईने धुतली!”

अंगणातून आत आलेल्या बाबांचा चेहरा लाल झाला.

“आपलं दूध पिते, आपला कोळसा जाळते, आणि आपल्याच घरावर उलटते? उद्यापासून थेंब जायचा नाही तिच्याकडे. मरू दे गारठून.” मग ते एडाकडे वळले. “तू पाहिलंस तिला धुताना? नीट आठवून सांग.”

एडाने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“हो. साबण लावून.”