चालू मशीनला हात

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत तिने कधी शिकवलं नव्हतं. पण चुकीचा शब्द दिसला की बोलून दाखवल्याशिवाय तिला राहवत नसे. कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे समजावणारी पानं लिहिणं, ही तिची नोकरी.

एका दणकट कॉम्प्युटरच्या पोटात दहा-वीस कॉम्प्युटर असल्यासारखे चालवायचे, असं ते सॉफ्टवेअर. पोटातल्या या कॉम्प्युटरांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला मेमरी किती, डिस्क किती, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. त्या दिवशी दुपारी तिच्यापुढे पान होतं ‘चालू मशीनची सेटिंग्ज बदलणे’. जुना मजकूर असा होता: मशीन चालू असतानाही मेमरी वाढवून सेव्ह करता येते, बदल पुढच्या वेळी मशीन सुरू कराल तेव्हा लागू होईल, चालू कामाला धक्का लागत नाही.

नवी आवृत्ती आली आणि डेव्हलपरने तिला एका ओळीचा निरोप धाडला, ‘आता बदल लगेच लागू होतो.’ हा डेव्हलपर काहीही विचारलं तरी ‘बघतो’ म्हणायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव बघतोराव पडलं होतं.

“लगेच म्हणजे कसा?” तिने विचारलं होतं.

“बघतो,” म्हणून तो मीटिंगला निघून गेला.

ऐकीव गोष्ट लिहायची तिची पद्धत नव्हती. तिने चाचणीचं मशीन सुरू केलं, त्यावर एक घड्याळ चालू ठेवलं, मेमरी वाढवली आणि सेव्ह दाबलं. घड्याळ थांबलं. पडदा काळा झाला. मशीनने ना विचारलं, ना सांगितलं. स्वतःच बंद पडून पहिल्यापासून सुरू व्हायला लागलं.

ती तडक बघतोरावच्या टेबलाशी गेली. “अहो, सेव्ह दाबलं तर मशीन रीस्टार्ट झालं!”

“होणारच. त्याशिवाय बदल लागू कसा होईल?”

“मग तसं सांगायचं नाही?”

“लगेच म्हटलं होतं की!”

“ही आवृत्ती कुणाकुणाकडे गेलीय?”

“कालच सगळ्यांकडे गेली,” तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचाच आवाज खाली आला.

सगळ्यांकडे नवं सॉफ्टवेअर, आणि वाचायला मात्र जुनं पान! निदान ते पान तरी आधी काढून टाकावं म्हणून ती जागेवर आली, तर टेबलावरच्या मोबाइलवर नणंदेचा मेसेज येऊन पडलेला.

तिची मोठी नणंद शहराच्या रुग्णवाहिका सेवेत होती. तिथले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. आलेले कॉल घेणारं मशीन आणि गाड्यांना रस्ता दाखवणारा नकाशा चालवणारं मशीन, दोन्ही याच सॉफ्टवेअरवर चालत. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. भावजयीला कामातलं काही विचारायची वेळ तिने आजवर स्वतःवर येऊ दिली नव्हती. मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘सकाळपासून कॉलचं मशीन रडतंय. तुझं पान वाचून मेमरी वाढवतेय. आधी नकाशाचं, मग कॉलचं. काम थांबत नाही ना?’

मास्तरणीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. मशीनच्या खोलीत मोबाइल नेऊ देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं; तरी पुन्हा लावला. मग त्यांच्या ऑफिसचा नंबर लावला, तर रेकॉर्ड केलेला गोड आवाज, कृपया प्रतीक्षा करा. हमखास उचलला जाईल असा एकच नंबर उरला होता, रुग्णवाहिका बोलावण्याचा.

तिचं बोट थबकलं. त्या लाइनवर कुणाचा तरी जीव टांगलेला असू शकतो. पण कॉलचं मशीन पडलं, तर एक नाही, सगळ्याच लाइनी जातील. तिने नंबर दाबला.

“रुग्णवाहिका सेवा. काय झालंय?” एका माणसाचा आवाज.

“कुणाला काही झालं नाही, पण फोन ठेवू नका. तुमचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ताई...”

“बाई, ही लाइन तातडीच्या कामाची आहे.”

“हे तातडीचंच आहे! त्यांनी आत्ता एक बटण दाबलं, तर तुमचा हा फोन बंद पडेल. सगळ्यांचेच पडतील.”

“धमकी देताय का?”

“नाही हो! मी त्यांच्या भावाची बायको. तुमच्यासमोरचा नकाशा दिसतोय का, तेवढं सांगा.”

“आत्ताच गेला. तुम्हाला कसं कळलं?”

“मग आता कॉलच्या मशीनची पाळी. पळा, त्यांना म्हणावं, कशालाही हात लावू नका!”

खुर्ची धाडकन मागे सरकल्याचं ऐकू आलं. तो कुणाला तरी ओरडून सांगत होता. फोन तसाच चालू होता. शेजारची एक बाई दुसऱ्याच कुणाशी बोलत होती, “घाबरू नका, बाळ श्वास घेतंय ना? जवळची मोठी खूण सांगा. नाही, नकाशा दिसत नाहीये मला, तुम्हीच सांगा. पूल? कुठला पूल?”

मास्तरणीने डोळे मिटले. पाठीमागे बघतोराव येऊन उभा राहिला होता. तोही ऐकत होता.

“काय गं?” अखेर नणंदेचा आवाज आला. “ही काय फोन करायची पद्धत झाली?”

“ताई, कॉलच्या मशीनवर सेव्ह दाबलंत?”

“आकडा भरलाय. नकाशाचं काळं पडलं, ते वर येईपर्यंत थांबले होते.”

“दाबू नका. ती विंडो तशीच बंद करा.”

“अगं, पण तुझ्या पानावर तर...”

“पान चुकीचं आहे. माझं पान चुकीचं आहे, ताई. आता सेव्ह दाबलं की मशीन रीस्टार्ट होतं.”

“थांब.” पावलं मशीनच्या खोलीकडे धावत गेली आणि परत आली. “केली बंद. आणि हा नकाशा? परत येणार का तो?”

बघतोरावने तिच्या हातातून फोन घेतला. “येईल. वेळ लागेल, पण मध्ये कुणी काही दाबू नका. चूक माझी आहे, मीच नीट सांगितलं नव्हतं.”

तोवर तिकडे कपाटातला जुना कागदी नकाशा टेबलावर पसरला गेला. बाळाकडे निघालेला ड्रायव्हर पुलाच्या भलत्याच अंगाला गेला आणि तिथून उलटा फिरला. नकाशाचं मशीन रडतखडत जागं झालं तेव्हा गाडी दारात पोहोचली होती. बाळाच्या घशात अडकलेला मणी गाडीतल्या परिचारिकेने काढला. बाळ रडलं. इतकं मोठ्याने, की ते फोनवरून साऱ्या कंट्रोल रूमला ऐकू गेलं.

कॉलचं मशीन मात्र अजून रखडतच होतं. मास्तरणीने अर्धवट लिहिलेल्या नव्या पानावरून नणंदेला वाचून दाखवलं. कॉल आधी राखीव मशीनवर वळवायचे, ते चालल्याची खात्री करायची, मगच मुख्य मशीनला हात लावायचा. राखीव मशीन होतं, पण कधीपासून कुणी तपासलंच नव्हतं. ते तपासण्यात सबंध दुपार गेली.

जुनं पान तिने फोन ठेवताच काढून टाकलं होतं. नवं प्रसिद्ध करण्याआधी मॅनेजरने ते पाहिलं. “‘काही वेळा रीस्टार्ट होऊ शकतं,’ असं लिहा ना. लोक उगाच घाबरतील.”

“घाबरू देत,” ती म्हणाली. “काही वेळा नाही, दर वेळी होतं.” आणि तिने सगळ्यात वर ठळक अक्षरात तेच लिहिलं. बघतोरावने मॅनेजरला न विचारताच सॉफ्टवेअरची जुनी, मशीन बंद न पाडणारी पद्धत परत आणायचं काम हातात घेतलं.

संध्याकाळी नणंद घरी आली. चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

“वाटेत ठरवलं होतं, तुला चांगलं सुनवायचं.”

“सुनवा.”

“दमले गं. पाणी दे.” ती आत येऊन बसली, घटाघट पाणी प्यायली. “बाळाचे वडील येऊन गेले ऑफिसात. पाया पडायला लागले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.” तिने रिकामा पेला हातात धरून ठेवला. “तुझी आणखी पानं वापरतो आम्ही. बॅकअपचं, डिस्कचं. ती तरी बरोबर आहेत ना?”

हो म्हणायला मास्तरणीने तोंड उघडलं, आणि तिला ते म्हणता येईना.

“तपासलेली नाहीत,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत त्यातलं काही करू नका.”

नणंदेने मान हलवली आणि पेला खाली ठेवला.