चारची वेळ कोणाची

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकूंनी एके दिवशी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. चूक लक्षात आल्यावर नवं कापड अंथरलं, खडूने आखलं, कात्री चालवली, तर तिसरीही डावीच निघाली. दुकानात काम करणाऱ्या दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मशिनीवर माना घातल्या. तीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

काकूंच्या मुलीचं लग्न होऊन सात महिने झाले होते. जावयाची नोकरी दूरच्या शहरात, त्यामुळे पोरगीही तिकडेच गेली. तेव्हापासून काकूंच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. जेवायला बसलं की घास खाली उतरत नसे. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, घसा ठणठणीत असल्याचं सांगितलं, आणि एका कागदावर पत्ता लिहून दिला. पत्ता समुपदेशक बाईंचा होता.

घरी येऊन काकूंनी तो कागद नवऱ्यापुढे टाकला. "बघा, आता मला वेडी ठरवली."

काका पाणीखात्यात मीटर तपासायचे. मोजूनमापून बोलायची सवय त्यांना नोकरीने लागली की जन्मापासूनच होती, कोण जाणे. त्यांनी कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला.

"कुठेही असं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "जाऊन ये. नाही पटलं तर परत नको जाऊस."

चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत त्या बाईंचं काम चालायचं. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक कुंडी, आतल्या खोलीत दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा खोका. बाई जेमतेम पस्तिशीच्या. पहिल्या दिवशी काकू पाऊण तास बोलल्या, पण सगळं गणवेशाच्या चेनबद्दल. हल्लीच्या चेन कशा लगेच तुटतात, धातूच्या कशा टिकायच्या, पालकांना कसं काही कळत नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर पडताना काकूंना वाटलं, बिचारीचा वेळ गेला.

तरी दुसऱ्या बुधवारी त्या पुन्हा गेल्या. या खेपेला बाईंनी विचारलं, "मुलीशी फोनवर काय बोलता?"

"काय बोलणार? सगळं छान आहे, म्हणते मी."

"आणि ती?"

"तीही म्हणते, सगळं छान आहे."

"किती वेळ चालतं हे?"

काकूंनी मनाशी हिशेब केला. "दोन मिनिटं. कधीकधी तेवढंही नाही."

बाई हसल्या नाहीत, पण काकूंनाच हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलंच नाही. त्या दिवशी खोक्यातले अकरा रुमाल संपले. घरी जाताना पाय हलके वाटत होते, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती. एवढी मोठी बाई, परक्या पोरीपुढे रडून आली.

तिसऱ्या बुधवारी त्या पावणेचारला जाऊन बसल्या. पाचच मिनिटांत जिन्यात पावलं वाजली, दार उघडलं, आणि आत आल्या त्या साक्षात विहीणबाई.

जावयाच्या या आई म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. उंच, ताठ, कपड्यांची इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. लग्न ठरल्यापासून दोघींचं बोलणं म्हणजे तोलून मापून. "आमच्याकडे सगळं उत्तम." "आमच्याकडेही." इतकंच. अशा बाईपुढे इथे सापडायचं म्हणजे काकूंना धरणी दुभंगावीशी वाटली.

"तुम्ही इथे?" विहीणबाईंनी विचारलं.

काकूंच्या गळ्यात टेप होती. दुकानातून निघताना ती काढायची राहून गेली होती, तिनेच आता लाज राखली.

"पडद्यांचं माप घ्यायला आलेय," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"चष्मा करायचाय. खाली गर्दी आहे, म्हणून म्हटलं वर बसावं."

खालच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं, हे काकूंनी येताना पाहिलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. एक खुर्ची मध्ये सोडून विहीणबाई बसल्या. दोघी कुंडीकडे बघत राहिल्या.

चार वाजता आतलं दार उघडलं. समुपदेशक बाईंनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. काहीतरी गडबड आहे हे त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी कोणाचंच नाव घेतलं नाही.

"चारची वेळ कोणाची?" त्यांनी विचारलं.

कोणीही हललं नाही.

"बरं. मी पाच मिनिटांनी येते," म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

आता मापं घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काकू उठल्या आणि खिडकीशी जाऊन टेप सोडू लागल्या. खिडकी चांगली रुंद होती, एकटीला टेपची दोन्ही टोकं धरता येईनात. विहीणबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठून त्यांनी दुसरं टोक धरलं.

"किती?" काकूंनी विचारलं.

काकूंनी वळून पाहिलं, तर विहीणबाई टेपवरच्या आकड्यांकडे टक लावून उभ्या होत्या.

"पाचची वेळ माझी आहे," त्या आकड्यांनाच म्हणाल्या. "मला कुठेही तासभर आधी जायची सवय आहे."

काकूंच्या हातातून टेपचं टोक सुटलं. "चारची माझी," त्या म्हणाल्या.

मग आधी विहीणबाईंच्या नाकातून एक फुसकारा निघाला, त्या पाठोपाठ काकूंचा, आणि दोघी खिडकीला टेकून पोट धरून हसल्या. इतक्या, की आतून बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

विहीणबाईंचं दुखणं असं, की शाळा सुटली आणि मुलगा परगावी गेला, दोन्ही एकाच महिन्यात. पहाटे पाचला जाग यायची, कडक इस्त्रीचे कपडे घालून तयार व्हायच्या, आणि मग कुठेच जायचं नसायचं. "घंटा वाजत नाही हो," त्या म्हणाल्या. "कानाला सारखं वाटतं, आता वाजेल."

मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमची लेक मात्र फोन करते मला. तिचं तिथल्या ऑफिसात मन रमत नाही. परवा रडली."

काकूंना ते झोंबलं. माझी पोर, आणि रडायला हिच्यापाशी गेली. तसं त्यांनी तोंडाने बोलूनही दाखवलं.

"तुम्हाला सांगायचं धाडस होत नाही तिला," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणते, आई तिकडे इतकी छान आहे, तिला कशाला काळजीत टाकू."

काकू आतल्या खोलीकडे वळल्या. दार वाजवून आत गेल्या आणि त्या दिवशी चेनचं नावही न काढता पाऊण तास बोलल्या.

रविवारी सकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. काका खुर्चीत बसून मोजे घालत होते.

"कशी आहेस आई?" मुलीने नेहमीसारखं विचारलं.

"बरी नाहीये," काकू म्हणाल्या. "तुझी फार आठवण येते. जेवण जात नाही. तुझ्या सासूबाईंनी आणि मी आता एकाच समुपदेशक बाईंकडे जायला सुरुवात केलीय."

पलीकडून पोरीने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तिथून जे सुरू झालं ते पन्नास मिनिटं चाललं. साहेब कसा खेकसतो, घराचं दार कसं अडकतं, एकदा बस चुकली तेव्हा ती रस्त्यातच कशी रडली, सगळं निघालं. काका एक मोजा घालून, दुसरा हातात धरून अख्खा वेळ ऐकत बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय?"

"छान नाहीये," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा सात महिन्यांत उजळला नव्हता इतका उजळलेला होता.

घसा काही एका फोनने मोकळा झाला नाही. हळूहळू झाला. मध्ये एक आठवडा पुन्हा वाईट गेला, एकदा बुधवार चुकवला, नंतर जाऊन कबूल केलं. मुलगी आणि जावई चार दिवसांसाठी येऊन गेले, तेव्हा निरोप देताना दोघी विहिणी बसथांब्यावर उघडउघड रडल्या आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

बस वळणाआड गेल्यावर विहीणबाईंनी डोळे पुसले, रुमालाची चौकोनी घडी केली आणि विचारलं, "तुमच्या दुकानात सकाळी काय काम असतं?"

"पुढच्या महिन्यात शाळा उघडतील. पालकांची नुसती झुंबड असते. कोणी रांगेत उभं राहत नाही, मापं चुकीची सांगतात, वर वाद घालतात."

"वाद घालतात?" विहीणबाईंची पाठ आपोआप ताठ झाली. "किती वाजता उघडता दुकान?"

"नऊला."

"मी आठला येते," विहीणबाई म्हणाल्या.