भाचीला नाही म्हणणारा मामा

वाकावानुआ, म्हणजे आपल्या मुलखाची रीत. हा शब्द कुठेही खपतो. शेजारीण न विचारता छत्री घेऊन गेली, वाकावानुआ. लग्नातलं दुपारचं जेवण अंधार पडल्यावर वाढलं, वाकावानुआ. माकेरेताला लहानपणापासून या शब्दाची मोठी गंमत वाटायची. माणसं तो म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नेमकं काय असतं, याचं तिला भारी कुतूहल. यंदा मात्र आईचं सगळं त्या एका शब्दावर येऊन अडलं.

माकेरेताचे वडील गेल्यापासून तिच्या आईला, विलिमाइनाला, सुवा शहरातलं घर खायला उठायचं. कांडावू बेटावर माहेरी जाऊन राहावं, असं तिच्या फार मनात होतं. पण थोरला भाऊ एपेरामा तिच्याशी बोलत नव्हता. तसा तो कधी बोललाच नव्हता म्हणा. बहीण-भाऊ मोठे झाले की आपसात बोलत नाहीत, ही रीतच. पण त्याच्या मनाविरुद्ध तिने लग्न केलं. त्यानंतरचा अबोला रीतीचा की रागाचा, हे कसं ओळखावं?

"राग असला तर त्या गावात मी पाऊल टाकायची नाही," आई म्हणाली.

"मग विचारून टाक की!"

"विचारू कशी? तेच तर रीतीत बसत नाही ना, बाई माझे!"

शेवटी माकेरेताच होडीत बसून मामाकडे गेली. भाचीने मामाच्या घरातलं काहीही उचलावं आणि मामाने नाही म्हणू नये, हीसुद्धा रीतच. मनात अढी असली तर देताना चेहऱ्यावर दिसेलच, असा तिचा हिशेब.

पाहुण्याने द्यायची भेट म्हणून यांगोनाच्या मुळ्यांची जुडी मामापुढे ठेवून झाली आणि तिने कोरी चटई उचलली.

"ने," मामा म्हणाला. "वाकावानुआ."

मासे धरायचं जाळं उचललं. "ने. वाकावानुआ." अंगणातलं डुक्कर सोडलं, तरी तेच. चेहरा मख्ख.

"अगं, आता मला तरी ठेव गं इथे!" केलेरा मामी कुजबुजली.

माकेरेता वैतागली. "मामा, मनापासून देताय की नुसती रीत म्हणून?"

मामा वाडग्यात यांगोनाचं पेय ढवळत बसला. मग तिने दाराशी बांधून ठेवलेल्या खेकड्यांच्या टोपलीला हात घातला.

"ते ठेव!"

मामी दचकलीच. "अहो, भाचीला नाही म्हणता? गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे गावाला काय म्हणायचं ते!" मामाने उठून टोपली हिसकावून घेतली.

"पण आई खेकडा खातच नाही, मामा. मी खाणार आहे."

"तू खाशील गं, आणि त्याच पातेल्यात तिचं कालवण शिजवशील. घसा सुजतो तिचा. एकदा मरता मरता वाचलीय ती. या घरात अजून तिचं पातेलं वेगळं आहे. मामीला विचार."

मामीने मान हलवली.

गावामागच्या टेकडीवर फोन लागतो. माकेरेता धावतच वर गेली.

"आई, मामा मला नाही म्हणाले."

"नाही म्हणाला? भाचीला?" आईचा आवाज एकदम पडला. "म्हणजे राग आहेच अजून."

"खेकडे देईनात. म्हणाले, तुझा घसा सुजेल."

पलीकडे आई हुंदके देत म्हणाली, "इथून होडी कधी सुटते गं?"